अर्जांचा ढीग आणि एक सेटर : मंदीच्या काळात कुशल कारागीर कसा निवडावा

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत गेटवर 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे' (सीएनसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) अशी पाटी लावा, दुपारपर्यंत वॉचमनकडे बायोडेटांची चळत जमते. त्याच गल्लीतला दुसरा मालक चहाला भेटला की म्हणतो, 'माणूसच मिळत नाही हो.' दोघांचंही खरं आहे. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०२३-२४ सालचा देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, पण १५ ते २९ वयाच्या मुलामुलींमध्ये तो १०.२ टक्के, म्हणजे तिपटीहून जास्त. पाटी वाचून येणारे बहुतेक याच वयाचे. तुम्हाला मात्र हवा असतो ड्रॉइंग वाचून टूल लावणारा, ऑफसेट घेणारा (म्हणजे टूलच्या टोकाची नेमकी जागा मशीनला सांगणारा), पहिला पीस पास करून देणारा सेटर. तो त्या चळतीत असेलच असं नाही.

याचं कारण सरळ आहे. काम कमी झालं की कंपन्या आधी हेल्पर, ट्रेनी आणि कंत्राटी ऑपरेटर कमी करतात. चांगल्या सेटरला शेवटपर्यंत सोडत नाहीत. आणि सेटरही जागचा हलत नाही. नव्या ठिकाणी तो सगळ्यांत नवा असणार, आणि कपात करताना शेवटी आलेला आधी जातो, हे तत्त्व कामगार कायद्यातच आहे. चालू पगार सोडून तो तुमच्याकडे यायचा तर त्याला तुमच्यावर भरवसा वाटला पाहिजे. मंदीतली भरती म्हणजे मुख्यतः हा भरवसा कमावण्याचं काम आहे, असं मला वाटतं. पहिल्यांदाच भरती करणाऱ्या लघुउद्योजकाने किंवा भरतीचं काम नव्यानेच अंगावर आलेल्या सुपरवायझरने ते कसं करावं, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे लेथच्या कामाच्या, सेटरचं घेतलं आहे. वेल्डर, टूलमेकर, मेन्टेनन्सचा इलेक्ट्रिशियन यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पायरी १ : नेमकं कोण हवं ते लिहून काढा

'ऑपरेटर पाहिजे' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी माणसं बसतात. जॉब लावून बटण दाबणारा आणि ठरलेल्या पीसनंतर माप घेणारा, तो ऑपरेटर. नवीन जॉब मशीनवर बसवणारा, तो सेटर. प्रोग्रॅम लिहिणारा, तो प्रोग्रॅमर. छोट्या वर्कशॉपमध्ये एकच माणूस दोन कामं करतो, म्हणून मालकाच्याही मनात गोंधळ असतो. मग जाहिरात ऑपरेटरची, पगार ऑपरेटरचा आणि अपेक्षा प्रोग्रॅमरची, असा प्रकार होतो.

एक कागद घ्या. हा माणूस पहिल्या महिन्यात रोज काय करणार ते लिहा. कुठलं मशीन, कुठला कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक, फानुक, सिमेन्स वगैरे), काय मटेरियल, लॉट केवढा, सगळ्यांत अवघड टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, कोणत्या शिफ्टला तो एकटा असणार. मग त्या यादीवर दोन खुणा करा : पहिल्या दिवशी यायलाच हवं ते, आणि महिन्याभरात शिकवता येईल ते. पहिल्या प्रकारात चारपाचापेक्षा जास्त गोष्टी निघाल्या, तर तुम्ही एका पगारात दोन माणसं मागताय.

ही यादी शॉपफ्लोअरवरच्या जुन्या माणसाला दाखवा. 'फानुक येतं त्याला सिमेन्स पंधरा दिवसांत जमेल, पण मायक्रोमीटर नीट धरता येत नसेल तर काही खरं नाही,' असं काहीतरी तो सांगेल. ते ऐका.

याच वेळी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : सेटर बाहेरूनच आणायला हवा का? तुमच्याकडे दोन-तीन वर्षं मशीन चालवणारा, डोकं लावणारा ऑपरेटर असेल तर त्याला सेटर करा आणि त्याच्या जागी नवा मुलगा घ्या. मंदीत ऑपरेटरच्या जागेसाठी चांगली मुलं सहज मिळतात, सेटरच्या जागेसाठी मिळत नाहीत. आतल्याला बढती मिळाली की बाकीच्यांनाही दिसतं की इथे पुढे जाता येतं.

पायरी २ : पगार आधी ठरवा, समोरच्याची गरज पाहून नको

बेरोजगारीच्या दिवसांत हा मोह सगळ्यांनाच होतो. दारात रांग आहे, पोरगा चार महिने घरी बसलाय, तो कमी पैशांतही येईल. येतोही. पण काम वाढलं, शेजारच्या प्लॉटमध्ये नवी मशीनं आली की पहिला तोच जातो, आणि तोवर तुमचे सगळे जॉब त्याच्या हाताला बसलेले असतात. नवा माणूस तयार होईपर्यंतचं रिजेक्शन, मोडलेले इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलायची पाती) आणि ग्राहकाचे फोन यांचा हिशेब मांडला, तर वाचवलेला पगार त्यात केव्हाच बुडालेला असतो. शिवाय त्याच मशीनवरच्या जुन्या माणसाला नवा कमी पगारात आल्याचं कळतंच. पुढचा नंबर आपला, असं त्याला वाटायला लागतं.

म्हणून जागेचा पगार ठरवा, माणसाचा नाही. आसपासच्या चार वर्कशॉपमध्ये या कामाला काय मिळतं त्याची चौकशी करा, वरची-खालची मर्यादा ठरवा, आणि त्या मर्यादेत चाचणीत जे दिसेल त्यावर आकडा द्या. आधीच्या पगाराची स्लिप मागून त्यावर दहा टक्के चढवायची पद्धत मंदीत विशेष अन्यायाची ठरते, कारण कित्येकांचा आधीचा पगार नाइलाजाने कापलेला असतो.

आकडा सांगायचा तो हातात येणारा. सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, या शब्दाने कारागिराचा फक्त गोंधळ होतो. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आणि इतर भत्ते ३,००० आहेत. १२ टक्क्यांनी पीएफचे १,८०० गेले, ०.७५ टक्क्यांनी ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १३५, व्यवसाय कराचे २००. हातात साधारण १५,८५० राहतात. 'अठरा हजार' ऐकून आलेल्या माणसाच्या खात्यात पंधरा हजार आठशे पडले, तर पहिल्याच महिन्यात त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. तुमच्या बाजूने पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे ३.२५ टक्के आणि बोनसची किमान ८.३३ टक्के तरतूद धरा. जादा तासांना दुप्पट दर हा कायदाच आहे. एकेरी दराने ओटी देऊन मागून सांभाळून घेऊ, असं ठरवून भरतीला बसू नका.

पायरी ३ : जाहिरात अशी लिहा की नको ते अर्ज येऊ नयेत

जाहिरात मोघम असली की अर्ज भरमसाट येतात. नमुना देतो :

'सीएनसी टर्निंग सेटर, जागा १. फानुक कंट्रोल, दोन मशीन. काम : बुश, फ्लँज, शाफ्ट, लॉट ५० ते ५०० नग. ड्रॉइंग वाचणं, सॉफ्ट जॉ बोअर करणं, टूल ऑफसेट घेणं, पहिला पीस पास करणं यायला हवं. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट असल्यास उत्तम. प्रमाणपत्र नसलं तरी काम येत असेल तर अर्ज करावा. हातात पगार इतका ते इतका. पीएफ, ईएसआय पहिल्या दिवसापासून. दोन शिफ्ट, दर आठवड्याला बदल. निवड मशीनवर काम पाहून. या जागेसाठी कुणालाही कसलेही पैसे देऊ नयेत.'

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. नोकऱ्या कमी झाल्या की कंपनीच्या नावावर पैसे उकळणारे उभे राहतात : 'माझी ओळख आहे, पाच हजार दे, लावून देतो.' कधी हा एजंट बाहेरचा असतो, कधी कंत्राटदाराचा माणूस, कधी आपल्याच गेटवरचा. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं आणि प्रत्येक फोनवर पुन्हा सांगितलं की त्याचं दुकान बंद होतं.

'सॉफ्ट जॉ बोअर करणं' हे शब्द मुद्दाम घातलेत. सॉफ्ट जॉ म्हणजे जॉब पकडणारे चकचे मऊ जबडे, ते जॉबच्या मापाला कापून घ्यावे लागतात. ज्याने सेटिंग केलंय त्याला ते लगेच कळतात. ज्याला कळत नाहीत त्यांच्यापैकी बरेच अर्ज करायचा विचार सोडतात.

पायरी ४ : पाटीच्या पलीकडे शोधा

चांगला सेटर नोकरीत असतो, तो पाट्या वाचत फिरत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचे रस्ते वेगळे आहेत. इन्सर्ट आणि टूल विकायला येणारा सेल्समन एमआयडीसीतल्या प्रत्येक सेटरला ओळखतो, कारण कटिंग कुठे बसत नाही हे सेटरच त्याला सांगतो. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअरही तसाच. कुठल्या कंपनीत ऑर्डर आटल्यात, कुठे पगार लांबतोय, हे या दोघांना आधी कळतं. त्यांना जागेचा तपशील द्या आणि 'कुणी बदल शोधत असेल तर माझा नंबर द्या' एवढंच सांगा. शेजारच्या चालू युनिटच्या गेटवर उभं राहून माणसं फोडू नका. उद्या जॉबवर्कला, अडीनडीला तोच शेजारी लागतो.

सरकारी आयटीआयमधले शिल्प निदेशक हा फार कमी लोक वापरतात असा दुवा. दहा वर्षांपूर्वीची कुठली बॅच आज कुठे काम करते, हे त्यांना तोंडपाठ असतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांमधून शिकलेली मुलं टूलरूमच्या कामाला चांगली असतात. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर जागा नोंदवा, फुकट आहे. रोजगार मेळाव्यालाही जा, पण तिथे ट्रेनी आणि ऑपरेटर मिळतील या हिशेबाने. सेटर मेळाव्यात क्वचितच भेटतो.

एखादा मोठा कारखाना बंद होतो तेव्हा चित्र पालटतं. जनरल मोटर्सच्या तळेगाव प्रकल्पातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. अशा वेळी वर्षानुवर्षं शिस्तीत काम केलेली माणसं एकाच वेळी बाजारात येतात. हा अनुभव छोट्या वर्कशॉपला एरवी परवडत नाही, म्हणून असं काही कळलं की लगेच संपर्क करा. पण आधीच खरं सांगा. तिथे कॅन्टीन होतं, बस होती, प्रत्येक कामाला वेगळा माणूस होता. तुमच्याकडे सेटरलाच कधी चिप्स (धातूचा कीस) काढाव्या लागतात. हे आधी बोललं गेलं तर माणूस टिकतो.

पायरी ५ : चाळणी

अर्ज आले की पायरी १ मधली यादी समोर ठेवा आणि प्रत्येक बायोडेटा त्या चार-पाच गोष्टींवरच पाहा. तीन ठिकाणी हमखास गफलत होते.

पहिली, मधली रिकामी वर्षं. २०१९ ची वाहनउद्योगातली मंदी आणि लगेच २०२० चा लॉकडाऊन, या दोन वर्षांत पुणे पट्ट्यातल्या असंख्य कंत्राटी कामगारांचं काम गेलं. बायोडेटात त्या काळी खंड दिसला तर तो माणसाचा दोष नाही. त्या काळात काय केलं ते विचारा. कुणी गावाकडे ट्रॅक्टर दुरुस्ती केलेली असते, कुणी फॅब्रिकेशनच्या दुकानात हात चालवलेला असतो. ते कामाचंच आहे.

दुसरी, जास्त शिकलेले उमेदवार. ऑपरेटरच्या जागेला डिप्लोमा आणि बी.ई. मेकॅनिकल झालेली मुलं येतात. 'हा टिकणार नाही' म्हणून तो अर्ज बाजूला टाकू नका, आणि 'इंजिनिअर स्वस्तात मिळाला' म्हणून खूशही होऊ नका. समोर बसवून विचारा : आठ तास उभं राहून मशीन चालवायचंय, कूलंटने हात खराब होतात, चालेल? वर्षभरात प्रोग्रॅमिंग किंवा क्वालिटीकडे नेणं तुम्हाला खरंच शक्य असेल तरच तसं सांगा. शक्य नसेल तर नाही म्हणा. खोट्या आशेवर थांबवलेला मुलगा सहा महिन्यांनी जातो आणि जाताना कडवट होऊन जातो.

तिसरी, वशिला. मंदीत नातेवाईक, नगरसेवकाचा कार्यकर्ता, ग्राहकाच्या खरेदी विभागातला माणूस, सगळेच शब्द टाकतात. सरळ नाही म्हणणं अवघड असतं. त्यावर माझा एकच उपाय आहे : 'पाठवा, सगळ्यांबरोबर मशीनवर चाचणी देईल.' चाचणी सगळ्यांना सारखी असते हे एकदा कळलं की असे फोन कमी होतात.

निवडलेल्या दहा-बारा जणांना आधी फोन करा. दहा मिनिटं पुरतात. कुठलं मशीन, शेवटचा जॉब काय लावला, किती दिवसांत येऊ शकता, हातात किती अपेक्षा आहे. नोकरीत असलेल्याला शिफ्ट सुटल्यावर फोन करा, सुपरवायझर शेजारी असताना तो काय बोलणार?

बोलवायचं तेव्हा प्रत्येकाला वेगळी वेळ द्या. बीड, परभणी, लातूरहून आलेला मुलगा चाकणला कॉट बेसिसवर राहतो, खिशात मोजके पैसे असतात. सगळ्यांना सकाळी नऊला बोलावून संध्याकाळी पाचला 'उद्या या' म्हणणं हा मला अपमान वाटतो. बाहेरगावाहून कुणाला बोलावलं तर एसटीचं भाडं द्या.

पायरी ६ : मशीनवरची चाचणी

माझ्या लेखी निवडीचा निम्म्याहून अधिक भाग हाच आहे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी भरतीविषयीच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्यक्ष काम करवून घेणारी चाचणी आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी मुलाखत यांवरून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज बराच बरोबर येतो, आणि अनुभवाची नुसती वर्षं मोजून तो फारच कमी येतो, असं त्यांना दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. बरेच खाली आले, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत वरच राहिली आणि अनुभवाची वर्षं तळाशीच. शॉपफ्लोअरवर हे आपल्याला रोजच दिसतं : दहा वर्षं एकच जॉब चालवलेला माणूस असतो, आणि तीन वर्षांत शंभर जॉब लावलेलाही असतो.

आधी सुरक्षिततेचं. चाचणी देणारा माणूस तुमच्या पटावर नसतो, त्याचा ईएसआय भरलेला नसतो. त्याला एकट्याला चालू मशीनवर सोडू नका. चष्मा, सेफ्टी शूज द्या, बाजूला तुमचा माणूस उभा ठेवा आणि काम छोटं ठेवा. त्याने केलेले पीस ग्राहकाला पाठवू नका. 'ट्रायल' म्हणून तीन दिवस फुकट प्रॉडक्शन काढून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो अन्याय आहे, आणि त्याची बातमी कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच संध्याकाळी पोचते. अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ घेतला तर त्या दिवसाची मजुरी द्या.

चाचणी तीन भागांत घ्या.

टेबलावर एका बुशचं (आतून पोकळ नळकांड्याचं) ड्रॉइंग ठेवा, बोअर म्हणजे आतलं भोक २५ एच७. वीस मिनिटं द्या आणि विचारा : कुठली बाजू आधी, पकडणार कुठे, टूल कुठल्या क्रमाने? २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर हे पाठ नसलं तरी बिघडत नाही, पण 'तक्ता कुठे आहे?' असं त्याने विचारायला हवं. अंदाजपंचे आकडा ठोकून देणारा मला चालत नाही.

मग तुमच्या क्वालिटीने आधी मोजलेले तीन बुश, एक बोअर गेज (भोक मोजायचं साधन) आणि मास्टर रिंग (नेमक्या मापाची कडी) द्या. तिन्हींची मापं लिहायला सांगा. चांगला माणूस आधी रिंगवर गेज शून्याला लावतो, बोअर पुसतो, दोन दिशांनी माप घेतो. मापात दोन-तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडला तर हरकत नाही. गेज शून्याला न लावताच मोजायला सुरुवात केली, तर ती सवय आहे, आणि ती सहज सुटत नाही.

शेवटी मशीन. टूल लावणं, ऑफसेट घेणं, ड्राय रन (जॉब न कापता प्रोग्रॅम चालवून पाहणं), पहिला पीस. इथे वेग पाहू नका, हात पाहा. सायकल स्टार्ट दाबण्याआधी सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅम एकेक ओळ चालवणं) चालू करतो का, रॅपिड (टूलचा मोकळा वेग) कमी करतो का, टूल जॉबजवळ आल्यावर किती अंतर उरलंय ते स्क्रीनवर वाचतो का, चकचं प्रेशर बघतो का. नवं मशीन आहे, चार माणसं बघतायत, त्यामुळे सुरुवातीला हात अडखळतो. पहिली दहा मिनिटं हिशेबात धरू नका.

आणि मग हा प्रश्न : 'पहिल्या पीसचा बोअर २५.०२८ आला. आता काय?' घाईचा माणूस म्हणतो, मधलं माप २५.०१० धरून ऑफसेटमध्ये १८ मायक्रॉन कमी करतो. जाणता माणूस आधी गेज पुन्हा रिंगवर तपासतो. मग म्हणतो, जॉब आत्ताच निघालाय, गरम आहे, थंड होऊ दे. बरोबरच आहे ते. २५ मिलिमीटरचं पोलाद २० अंशांनी तापलं तर सुमारे ६ मायक्रॉन फुगतं. थंड झाल्यावर तोच बोअर २५.०२२ भरेल. पीस अजूनही एका मायक्रॉनने बाहेरच, तो बाजूला ठेवायचा, पण पुढच्या पीससाठी दुरुस्ती १२ मायक्रॉनची. १८ ची दिली असती तर बोअर २५.००४ वर, खालच्या हद्दीला टेकला असता. या एका प्रश्नाच्या उत्तरात माणसाची मापाची समज, धीर आणि प्रामाणिकपणा तिन्ही दिसतात. पीस बाहेर आहे हे तो उघड सांगतो की पास पीसांत सरकवतो, तेही.

प्रत्येक भागाला गुण द्या आणि त्याच वेळी कागदावर लिहा. संध्याकाळी आठवून दिलेले गुण बोलघेवड्या माणसाच्या बाजूने झुकतात.

पायरी ७ : मुलाखत आणि चौकशी

चाचणीनंतरची मुलाखत अर्ध्या तासाची पुरे. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. सगळ्यांत अवघड जॉब कुठला लावला? पूर्ण लॉट बाद झाला असं कधी झालं का, मग काय केलं? रात्रपाळीत मशीन अलार्म देऊन थांबलं, मेन्टेनन्सवाला नाही, तुम्ही कुठपर्यंत हात घालाल? शेवटच्या प्रश्नाला 'मी सगळं करतो' हे उत्तर मला धोक्याचं वाटतं. लग्न कधी, मुलं किती, जात काय, हे प्रश्न विचारायचे नाहीत. बाई उमेदवार असेल तर 'रात्रपाळी जमेल का, घरचे सोडतील का' असं आडून विचारण्यापेक्षा तुमच्याकडे स्वच्छ टॉयलेट, कपडे बदलायची खोली आणि येण्याजाण्याची सोय आहे का ते आधी पाहा. आयटीआयमधून टर्नर-मशिनिस्ट झालेल्या मुली आहेत, मोजमापाच्या कामात हुशार आहेत, आणि या सोयी नसल्यामुळे वर्कशॉपवाले त्यांना गमावतात.

अनुभवाचे दाखले मंदीत विकतही मिळतात. उमेदवाराच्या संमतीने त्याच्या यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) खात्यातला नोकरीचा तपशील पाहा, कुठे कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला गेला ते तिथे दिसतं. पण तिथे नोंद नाही म्हणजे तो खोटं बोलतो, असं समजू नका. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या कित्येक वर्कशॉपना पीएफ लागूच होत नाही. मग जुन्या मालकाला फोन करा, पण उमेदवाराला विचारून, आणि तो अजून तिथेच कामाला असेल तर अजिबात नाही. त्याच्या हातची नोकरी गेली तर ती जबाबदारी तुमची.

मूळ प्रमाणपत्रं पाहा, झेरॉक्स ठेवा, मूळ परत द्या. माणूस पळून जाऊ नये म्हणून मार्कशीट अडकवून ठेवणाऱ्याकडे चांगला माणूस टिकत नाही.

पायरी ८ : सगळ्यांना कळवा

जे निवडले गेले नाहीत त्यांना दोन दिवसांत फोन किंवा मेसेज करा. मराठीत दोन ओळी पुरतात : 'या वेळी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. तुमचं माप घेणं चांगलं होतं, सॉफ्ट जॉचा सराव वाढवा.' चाचणी दिलेल्या प्रत्येकाला आपलं काय कमी पडलं ते कळलं पाहिजे. मुलगा रोज फोन हातात धरून वाट बघतो आणि त्या भरात दुसरीकडचं काम सोडतो. तुमच्या न कळवण्याची किंमत तो मोजतो.

निवड झालेल्याने होकार दिला तरी तो रुजू होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाला नकार कळवू नका. 'आठवडाभर थांबा, नक्की सांगतो' असं खरं सांगा. सेटरने राजीनामा दिला की त्याची कंपनी पगार वाढवून थांबवते, हे नेहमीचं आहे.

पायरी ९ : रुजू झाल्यावर

नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते बंधनकारक केलंय, पण कायदा बाजूला ठेवला तरी चालू नोकरी सोडून आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी लेखी हवं. हुद्दा, पगाराची फोड, शिफ्ट, सुट्टी, परिवीक्षेचा काळ, नोटीस, सगळं त्याला कळेल अशा भाषेत. पीएफ-ईएसआयची नोंद त्याच दिवशी करा.

पहिले पंधरा दिवस त्याला एकट्याला रात्रपाळीत टाकू नका. कुठल्या मशीनचा टरेट (टूल धरणारा फिरता भाग) थोडा हलतो, कुठला ग्राहक बर्रसाठी (कडेला राहिलेल्या धारेसाठी) माल परत करतो, हे कुठल्याही ड्रॉइंगवर नसतं. ते सांगायला एक जुना माणूस नेमून द्या, आणि त्या जुन्या माणसाला आधी सांगा की याच्यामुळे तुझी जागा जाणार नाही. मंदीत ही भीती प्रत्येकाला असते. ती दूर केली नाही तर जुना माणूस माहिती लपवतो, आणि नवा अपयशी ठरतो.

महिन्याअखेरीस पहिला पगार ठरलेल्या तारखेला, ठरलेलाच आकडा. ओटीचे तास त्याच्यासमोर मोजा.

पुढच्या वेळी सेटर बाहेर शोधावा लागू नये म्हणून शिकाऊ उमेदवार आत्ताच घ्या. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त कामगार असतील तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. आयटीआय झालेल्या मुलाला झाडू आणि चिप्सपुरतं न ठेवता दर आठवड्याला एक सेटिंग त्याच्या हाताने करू द्या, सेटर शेजारी उभा असताना.

चाचणीत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्यांची नावं, नंबर आणि गुणांचे कागद एका फाइलमध्ये लावा. दिवाळीनंतर ऑर्डर वाढल्या की पाटी लावण्याआधी त्यांना फोन करा, आणि सध्या कुठे आहात, काय जॉब लावताय, तिथून सुरुवात करा.